दृष्टीआड धूर

“दृष्टीआड सृष्टि” ही म्हण आपल्या लोकांच्या तोंडीं फार दिवसांची आहे. जें डोळ्यांपुढें घडत नाहीं त्याविषयीं मनुष्य निश्चिंत असतो, हा आपल्या स्वभावांतील दोष पूर्वजांनीं या दोन शब्दांत नेमका पकडला आहे. परंतु या म्हणींतून एक गंभीर नीतिप्रश्न उत्पन्न होतो, तो असा: जें काम आपल्या सुखासाठीं, आपल्या सांगण्यावरून, परंतु आपल्यापासून शेंकडों कोस दूर केलें जातें, त्यापासून दुसऱ्यास इजा पोहोंचली तर तिचा दोष आपणांकडे येतो कीं नाहीं? हा प्रश्न नवा नाहीं. तथापि हल्लीं जिला डिजिटल अर्थव्यवस्था म्हणतात, म्हणजे मोबाइल व इंटरनेट यांच्या द्वारें चालणारी देवघेव, पत्रव्यवहार, शिक्षण व करमणूक, तिच्या वाढीमुळें तो प्रश्न खेड्यापाड्यांतील आपणां सर्वांच्या दाराशीं येऊन उभा राहिला आहे. प्रिय वाचकांनीं त्याचा शांतपणें विचार करावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

चुलीपुढें बसणाऱ्या बाईस धुराविषयीं कोणी शिकवावें लागत नाहीं. धूर तिच्याच डोळ्यांत जातो. सरपणाची मोळी तिनेंच रानांतून डोक्यावर आणिलेली असते. राखही तीच काढते. किती जळलें व त्यापासून काय मिळालें, याचा हिशेब तिच्या अंगवळणीं पडलेला असतो, म्हणून ती एक काटकीही व्यर्थ जाळीत नाहीं. आतां दुकानदारापुढें मोबाइल धरून पैसे देणाऱ्या मनुष्याकडे पाहा. धूर नाहीं, राख नाहीं. आवाज झालाच तर तो पैसे पोहोंचल्याचा. यावरून पुष्कळांची अशी समजूत झाली आहे कीं हे सारे व्यवहार हवेंतल्या हवेंत होतात व त्यांस कांहींच जळण लागत नाहीं. ही समजूत खरी नाहीं.

वस्तुस्थिति काय आहे ती प्रथम पाहूं. मोबाइलवरून दिलेला प्रत्येक निरोप, प्रत्येक रुपया व प्रत्येक चित्र हीं विजेच्या व उजेडाच्या रूपानें तारांतून व मनोऱ्यांवरून धांवत जाऊन कोठें तरी मोठमोठ्या इमारतींत ठेवलेल्या सहस्रावधि यंत्रांपाशीं पोहोंचतात. तेथें त्यांची नोंद होते, पडताळा पाहिला जातो, आणि उत्तर परत येतें. या इमारतींस डेटा सेंटर म्हणतात. आपण त्यांस माहितीचीं कोठारें म्हणूं. परंतु या कोठारांत व धान्याच्या कोठारांत एक मोठें अंतर आहे. धान्याच्या कोठारास कुलूप लावून धन्यास निजतां येतें. या कोठारांस मात्र अष्टौप्रहर वीज लागते. यंत्रें चालतांना तापतात, म्हणून तीं थंड राखण्यासाठीं पुन्हा वेगळी वीज लागते. आणि वीज खंडित झाली तर क्षणाचाही खोळंबा होऊं नये म्हणून डिझेलवर चालणारीं जनित्रें उभीं करून ठेवावीं लागतात. आपल्या देशांतील अशा कोठारांच्या एकंदर सामर्थ्याचा सर्वांत मोठा वाटा मुंबई व नवी मुंबई येथें आहे. ऐरोली, रबाळे, महापे या भागांत रस्त्यानें जाणारास खिडक्या नसलेल्या ज्या उंच इमारती दिसतात, त्यांतील कित्येक हीच कोठारें होत.

ही वीज येते कोठून? भारतांत निर्माण होणाऱ्या विजेचा सुमारें तीन चतुर्थांश भाग अद्याप कोळशापासून मिळतो. आपल्या राज्यांतील चंद्रपूर येथील औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचें असून त्या मुलुखांतील कोळशाच्या खाणींच्या आधारानें तें उभें आहे. ऐरोलीच्या अमक्या यंत्रास चंद्रपूरच्या अमक्या कोळशाची वीज गेली, असें कोणी बोट ठेवून सांगूं शकणार नाहीं. कारण अनेक ओढ्यांचें पाणी एकाच तळ्यांत पडावें, तशी सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यांत मिसळते. परंतु तळ्यांतून जो घागर भरतो, त्याच्या घागरींत सर्व ओढ्यांचें पाणी येतें, हें कोणासही नाकारतां येणार नाहीं.

कोळसा जळला म्हणजे कर्बवायु उत्पन्न होतो. यालाच शास्त्रज्ञ कार्बन डायऑक्साइड म्हणतात. हा वायु पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊं न देतां पांघरुणाप्रमाणें धरून ठेवतो. स्वीडन देशाचे शास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनीं १८९६ सालींच गणित मांडून दाखविलें होतें कीं हा वायु वाढेल तशी पृथ्वी तापेल. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें २८० भाग होता. २०२४ सालीं तो ४२० भागांहून अधिक झाला होता. हवा तापली म्हणजे तींत बाष्प अधिक मावतें, आणि पाऊस पडतो तेव्हां तो एकदम मुसळधार पडण्याचा संभव वाढतो. इतर वेळीं उन्हाचा तडाखा अधिक कडक होतो. पिकावर पोट असणारांस याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

येथें न्यायानें बोलणें अवश्य आहे. एकच बाजू मांडणें हा देखील असत्याचाच एक प्रकार होय. डिजिटल व्यवहारांनीं धूर वाढतोच असें नाहीं. कित्येक ठिकाणीं तो कमीही होतो. पूर्वीं पैसे भरण्यासाठीं तालुक्याच्या बँकेंत जाणाऱ्या मनुष्याचा एस. टी.चा फेरा व एक दिवसाची मजुरी बुडत असे. आतां तें काम ओट्यावर बसून होतें. शहरांतील सभेसाठीं विमानानें जाणारे अधिकारी हल्लीं पुष्कळदां पडद्यावरच सभा भरवितात. आणि एका व्यवहारास लागणारी वीज इतकी अल्प असते कीं तिच्यापेक्षां एका फेऱ्याचें तेल कितीतरी पटीनें अधिक. यासाठीं कोणीही अशी भीति धरूं नये कीं मोबाइलवरून बी-बियाण्याचे पैसे दिले म्हणजे आपण मोठें पाप केलें.

शिवाय यंत्रें करणारांनीं कौशल्यही मोठें दाखविलें आहे. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत जगांतील माहितीच्या कोठारांतून होणारें काम साडेपांचशें टक्क्यांनीं वाढलें, परंतु त्यांस लागणारी वीज अवघी सहा टक्क्यांच्या आसपास वाढली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. हें ऐकून कोणासही वाटेल कीं आतां चिंतेचें कारण उरलें नाहीं. परंतु पुढील वर्षांचा हिशेब निराळा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२४ सालीं या कोठारांनीं सुमारें ४१,५०० कोटि युनिट वीज वापरली. सर्व जगाच्या विजेचा हा सुमारें दीड टक्का होय. २०३० सालापर्यंत हा आंकडा सुमारें ९४,५०० कोटि युनिटांवर, म्हणजे दुपटीहून पुढें जाईल, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. याचें एक मुख्य कारण म्हणजे जिला कृत्रिम बुद्धि म्हणतात तीं नवीं यंत्रें. मनुष्यानें प्रश्न विचारावा व यंत्रानें निबंध लिहून द्यावा किंवा चित्र काढून द्यावें, या कामास वीज फार लागते. अशा कामासाठीं बांधलेलें एक कोठार सामान्यतः एक लक्ष घरांइतकी वीज खातें, असें तीच संस्था सांगते.

जगाच्या मानानें दीड टक्का थोडा दिसतो. परंतु हीं कोठारें सर्वत्र सारखीं पसरलेलीं नाहींत. जेथें तीं एकत्र झालीं तेथें काय घडतें हें पाहण्यासाठीं यूरोपांतील आयर्लंड देशाचें उदाहरण घेऊं. हा देश लहान असून त्याची वस्ती पन्नास लाखांहून थोडीच अधिक आहे. तेथील हवा थंड व करांची आकारणी सौम्य, म्हणून अमेरिकेंतील मोठमोठ्या कंपन्यांनीं डब्लिन शहराच्या सभोंवार आपलीं कोठारें उभारलीं. त्या देशाच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणें २०१५ सालीं देशांतील मोजलेल्या विजेपैकीं पांच टक्के वीज या कोठारांस लागत असे. २०२३ सालीं ती एकवीस टक्के लागली. त्याच वर्षीं सर्व शहरांतील घरांस मिळून अठरा टक्के, व सर्व खेड्यांतील घरांस मिळून दहा टक्के वीज लागली. वाचकहो, या तीन आंकड्यांचा विचार करा. शहरांतील एकूणएक घरांचे दिवे, शेगड्या व यंत्रें यांहून कांहीं थोड्या इमारतींची भूक मोठी झाली!

आयरिश लोकांनीं या काळांत हात जोडून स्वस्थ बसणें पत्करलें नव्हतें. त्यांनीं पवनचक्क्या उभारल्या, आणि आज त्यांच्या विजेचा सुमारें तिसरा हिस्सा वाऱ्यापासून मिळतो. मनीपॉइंट येथील त्यांच्या शेवटच्या कोळशाच्या केंद्रानें २०२५ सालीं कोळसा जाळणें बंद केलें. विजेपासून होणारा त्यांचा धूर कमी झाला, हें कबूल केलें पाहिजे. तथापि २०१५ नंतरच्या आठ वर्षांत नव्या पवनचक्क्यांनीं जितकी वीज वाढविली, जवळजवळ तितकीच या कोठारांची मागणीही वाढली. धूर कमी झाला खरा, पण जितका व्हावा तितका झाला नाहीं. जी स्वच्छ वीज जुना वायु जाळण्याचें थांबवावयाची, तिचा मोठा भाग नवी भूक भागविण्यांत खर्ची पडला. शेवटीं २०२१ सालीं तेथील वीज नियामक मंडळास नव्या कोठारांच्या जोडणीवर कडक अटी घालाव्या लागल्या.

यंत्र काटकसरी झालें म्हणजे जळण वांचेल, असें आपली साधी बुद्धि सांगते. मग असें उलट कां होतें? इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनीं १८६५ सालीं कोळशाविषयीं लिहिलेल्या ग्रंथांत याचें उत्तर दिलें. जेम्स वॉटच्या सुधारलेल्या वाफेच्या यंत्रास त्याच कामासाठीं पूर्वींपेक्षां कोळसा कमी लागूं लागला. परंतु त्यामुळें वाफेचें काम स्वस्त झालें, जेथें पूर्वीं यंत्र परवडत नसे तेथेंही तें आलें, आणि एकंदर कोळसा पूर्वींहून पुष्कळ अधिक जळूं लागला.

हें तत्त्व समजण्यास आपल्या शेतकऱ्यास इंग्लंडास जाण्याचें कारण नाहीं. विहिरीवर मोट चालत होती तेव्हां बैलांच्या दमावर पाण्याची मर्यादा होती. बैल दमले कीं मोट थांबे, आणि रात्रींतून विहिरीस पुन्हा पाणी येई. विजेचा पंप आला. कष्ट वांचले, हें मोठें कल्याण झालें. पण कष्टाबरोबर मर्यादाही गेली. बटण दाबण्यास श्रम नाहींत, म्हणून उसाचें क्षेत्र वाढलें, बोअर खोल गेलें, आणि कित्येक गांवांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यास टँकर येऊं लागला. दोष पंपाचा नव्हता. पूर्वीं जी मर्यादा बैल घालीत होते, ती आतां मनुष्यानें स्वतः घालावयाची होती, व ती त्यानें घातली नाहीं. माहितीच्या यंत्रांचेंही असेंच आहे. टपालास पैसा पडे तोंवर मनुष्य विचार करून पत्र लिही. आतां निरोप फुकट, म्हणून एकच चित्र पहांटेस पन्नास जणांस जातें.

आतां मूळ नीतिप्रश्नाकडे वळूं. दृष्टीआड होणाऱ्या या धुराचें उत्तरदायित्व कोणाचें? यावर तीन आक्षेप सामान्यतः घेतले जातात.

पहिला आक्षेप असा कीं आम्ही पैसे मोजतों, मग आमच्याकडे काय येणें उरलें? उत्तर असें कीं जें ज्यास द्यावयाचें तें त्यास पोहोंचलें तरच ऋण फिटतें. मोबाइलच्या रिचार्जचे पैसे कंपनीस मिळतात. परंतु वीज केंद्राच्या राखेखालीं राहणाऱ्या कुटुंबास, किंवा अवकाळीनें ज्याचा हरभरा झोडपला त्या कुळास त्यांतून काय मिळतें? ज्या किमतींत धुराची नुकसानी धरलेली नाहीं, ती किंमत पुरी नव्हे. तिचा उरलेला भाग दुसराच कोणी भरीत असतो, आणि बहुधा तो आपल्याहून गरीब असतो.

दुसरा आक्षेप असा कीं मोठमोठ्या कंपन्यांनीं धूर शून्यावर आणण्याचें वचन दिलें आहे, तेव्हां ती काळजी त्यांचीच. वचन दिलें हें चांगलें केलें. परंतु वचनाची परीक्षा आचरणानें होते. गूगल कंपनीनें २०२४ सालीं स्वतः प्रसिद्ध केलेल्या अहवालांत २०२३ सालचें तिचें उत्सर्जन २०१९ च्या मानानें ४८ टक्के अधिक झाल्याचें नमूद आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या त्याच वर्षींच्या अहवालाप्रमाणें तिचें उत्सर्जन २०२० पेक्षां सुमारें २९ टक्के वाढलें होतें. त्यांनीं हे आंकडे लपविले नाहींत, याबद्दल त्यांस श्रेय द्यावें. पण चाकराच्या वचनावर विसंबून धन्यानें हिशेब पाहूं नये, असें कोणत्या घरांत चालतें?

तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्यासारखा आहे. खेड्यांतील मनुष्य म्हणतो, “आमच्या वांट्याचा धूर तो केवढा? मोठ्यांनीं जाळावें आणि उपदेश मात्र आम्हांस व्हावा, हा कोणता न्याय?” या बोलण्यांत सत्य आहे, व तें दडपतां कामा नये. सर्व प्रकारच्या जळणाचा हिशेब केला तर भारतांत दरडोई दरसाल सुमारें २ टन कर्बवायु निघतो. अमेरिकेंत तो सुमारें १४ टन निघतो. खेड्यांतील मजुराचा वांटा तर दोन टनांच्याही पुष्कळ खालीं असावयाचा. शिवाय आपल्या शेतकऱ्यास पंपासाठीं वीज पाळीनें मिळते. कित्येक ठिकाणीं ती पाळी रात्रीची असते, आणि थंडींत, काळोखांत, विंचूकाट्याचें भय असतां त्यास पिकास पाणी द्यावयास जावें लागतें. माहितीच्या कोठारास मात्र तीच वीज क्षणाचाही खंड न पडतां मिळते. कोणाची गरज आधीं व कोणाची मागाहून, हें समाजानें कोणासही न विचारतां ठरवून टाकिलें आहे. ज्याचा भोग थोडा त्यासच झळ अधिक, हा उघड अन्याय होय. आणि त्याविरुद्ध बोलण्याचा खेड्यास पुरा अधिकार आहे.

परंतु थोडें उत्तरदायित्व म्हणजे शून्य उत्तरदायित्व नव्हे. ज्याच्या हातीं जितकें, त्याजकडून तितकाच हिशेब घ्यावयाचा, हा न्याय आहे. आणि ज्याच्या हातीं थोडें त्यानें थोड्याचाही हिशेब देऊं नये, हा न्याय नव्हे. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीनें ऑगस्ट २०२३ मध्यें एका महिन्यांत १००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. दोनच वर्षांनीं, ऑगस्ट २०२५ मध्यें, ते २००० कोटींहून अधिक झाले. हे व्यवहार कोणा राजाचे नाहींत. चहावाल्याचे, भाजीवालीचे, तुमचे व आमचे आहेत. थेंबाथेंबानें तळें सांचतें, तर त्या थेंबांत आपलाही एक आहे. तो लहान आहे म्हणून भिण्याचें कारण नाहीं. तो आहे म्हणून विसरण्याचेंही कारण नाहीं.

मग आपण काय करावें? मोबाइल विहिरींत टाकावा असें आम्ही म्हणत नाहीं. जें साधन विधवेस निवृत्तिवेतन घरबसल्या देतें, मुलास शिष्यवृत्तीची वार्ता सांगतें व आजाऱ्यासाठीं गाडी बोलावतें, तें टाकणें शहाणपणाचें नव्हे. परंतु तीन गोष्टी प्रत्येकास करतां येतील.

पहिली, चालतें साधन टिकवावें. एका फोनच्या आयुष्यांतील धुराचा बहुतेक भाग तो गिऱ्हाइकाच्या हातीं येण्यापूर्वींच, धातु खणून काढण्यांत व कारखान्यांत तो बनविण्यांत निघून गेलेला असतो. यास्तव शेजाऱ्यानें नवा घेतला म्हणून आपला चांगला फोन टाकून देणें हाच घरच्या घरीं होणारा सर्वांत मोठा नाश होय. जो फोन दोन वर्षांऐवजीं पांच वर्षें वापरतो, तो कर्जही टाळतो व धूरही टाळतो.

दुसरी, गरज व चाळा यांतील भेद घरांत शिकवावा. तासचे तास चालणारीं चित्रें, कोणी पाहत नसतां चालू राहिलेले पडदे, न वाचतां पुढें ढकललेले निरोप, यांत वीज जाते ती जातेच. पण त्याहून मोलाचा वेळ व चित्ताची शांति जाते. गांवांतील शिक्षक व उपदेशक यांनीं तरुणांस नुसतें “हें वाईट” म्हणून न सांगतां, त्या पडद्यामागें काय जळतें हें समजावून द्यावें. ज्यास कारण समजलें त्यास बंधन जड वाटत नाहीं.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, प्रश्न विचारावा. एकट्यादुकट्याच्या काटकसरीनें कोठारांची भूक आटोक्यांत येणार नाहीं. त्यास कायदा व लोकमत पाहिजे. जो कोठार बांधील त्यानें त्यास लागणारी स्वच्छ वीज नव्यानें निर्माण करावी, गरिबांच्या वांट्याची घेऊं नये. वीज किती, पाणी किती, धूर किती, याचा हिशेब दरसाल उघड्यावर मांडावा. आणि शेतीस दिवसा वीज देण्याचें काम मागें पडूं देऊं नये. मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास रस्ता व गटार यांबरोबर हेंही विचारण्यास आपणांस कोणाची आडकाठी आहे?

दृष्टीआड सृष्टि असते, हें मनुष्यस्वभावाचें वर्णन आहे. ती नीतीची आज्ञा नव्हे. ज्याचें सुख आपण भोगतों त्याचें ओझें कोण वाहतो, हें शोधून काढणें हें विवेकी मनुष्याचें काम होय. ओझें वाहणाराचें घर दूर असेल, त्याचें नांव आपणांस ठाऊक नसेल, त्याच्या अंगणांतील राख आपल्या अंगणांत उडत नसेल. तथापि तो आहे, आणि त्याचें येणें आपल्याकडे बाकी आहे. हें जाणून जो आपलें साधन जपून वापरील व आपला आवाज न भितां उठवील, त्यानें या ऋणांतील आपला वांटा फेडण्यास आरंभ केला असें समजावें.